अंजनाचे चाळीस सेकंद

दुर्गा गेली त्याला बारा दिवस झाले होते. ग्रामपंचायतीच्या खोलीत सहा बाया सतरंजीवर बसल्या होत्या, आणि त्यांच्यासमोर अंजना सापाचा तक्ता भिंतीला लावून बोलत होती.

भोजराज दाराशी उभा होता. तक्ता सायकलवर आणण्यापुरतं त्याचं काम होतं, पण बायको एकटी पडेल म्हणून तो थांबला होता. अंजना टोल्याची, त्या लहानशा वस्तीची, आशा सेविका. कोणाच्या घरी कितवा महिना, कोणाच्या लेकराला कुठली लस राहिली, हे तिला तोंडपाठ. दुर्गाचं कार्डही तिनंच भरलं होतं. पाचवा महिना लागला होता. श्रावणात धानाच्या बांधीत निंदण करताना तिला पारीवर, म्हणजे बांधावर, साप चावला. घरच्यांनी सुताच्या दोरीनं पोटरी करकचून बांधली आणि तिला मंत्रानं विष उतरवणाऱ्या इतवारी बाबाच्या अंगणात नेऊन बसवलं. दोन तासांनी तिची जीभ जड झाली, तेव्हा कुठं गाडी शोधायला माणसं पळाली. अंजना त्या दिवशी पलीकडच्या टोल्यावर लसीकरणाला गेली होती.

सहातल्या दोघी पेंगत होत्या. दिवसभर बांधीत वाकून आलेल्या बाया. त्यांच्या पायांच्या बोटांत चिखल्या झाल्या होत्या, भिंतीला पाठ टेकली की डोळे मिटत होते. तिसरीनं पदराआड फोन धरला होता. मध्येच ती खुदकन हसली. अंजनानं ते पाहिलं, पण बोलणं थांबवलं नाही.

परत येताना ती सायकलच्या बाजूनं चालत होती. ती म्हणाली, "ते बाई का पाहत होती जी फोनात?"

"कोनीतरी मासा कापत होता."

"किती येळ पायलन तिनं?"

"पूर्ण पायलन. मंग फिरून एकदा पायलन."

त्या रात्री जेवताना अंजनानं भाताला हात न लावता विचारलं, "तुमाले फोन धरता येते का, न हलवता?"

पहिला व्हिडीओ घराच्या भिंतीसमोर निघाला. निळी साडी नेसून, हात जोडून अंजना म्हणाली, "नमस्कार, मी आशा स्वयंसेविका अंजना भोजराज रामटेके, आज आपणांस सर्पदंशाविषयी माहिती सांगणार आहे." सव्वादोन मिनिटं ती बोलली. भोजराजला वाटलं, छान झालं, अगदी साहेबीण बोलल्यासारखं. तो नेटवर टाकला, तर चार दिवसांत एकेचाळीस जणांनी पाहिला.

चिचगडच्या बाजारात मुन्नालालचं मोबाईलचं दुकान होतं. गोंदियाचा माणूस, बोलणं सगळं हिंदीत. अंजनानं त्याच्यासमोर फोन ठेवला. त्यानं कुठं कुठं बोट दाबून एक रेघ काढून दाखवली. वरून निघालेली रेघ लगेच दरडीवरून पडल्यासारखी खाली आली होती.

"ये देखो भाभी. चौथे सेकंद पे सब भाग गये. आपका नमस्कार भी पूरा नहीं सुना."

भोजराजला ते लागलं. अंजनाला लागलेलं दिसलं नाही. ती रेघेकडे बघत म्हणाली, "मनजे साप तं आलाच नाही. साप यायच्या आधीच लोक गेले."

त्यानंतरचा महिनाभर भोजराजनं जे पाहिलं ते त्यानं कधी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर लोक हसले असते. संध्याकाळी भात शिजत टाकला की अंजना त्याच्या आईला, सुशिलाबाईला, ओसरीत बसवायची आणि तिच्या हातात फोन द्यायची. "पाहा आत्याबाई, तुमाले जे पाहाचं ते." म्हातारी खुश. अंजना मात्र फोनाकडे बघतच नसे. ती सासूचा अंगठा बघायची. अंगठा कुठं सरकतो, कुठं थांबतो, कशावर अडून राहतो. तोंडानं एक, दोन, तीन मोजायची आणि लसीकरणाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायची.

"नाव सांगतलं का अंगठा हलते," ती एकदा चुलीजवळून म्हणाली. "हात कायतरी करताना दिसले का थांबते. आन बाई रागावली, का रडली, का काही लपवून राहिली, तं थांबतेच."

"मंग तू रड," भोजराज म्हणाला.

"मी रडली तं ते मले पाहातीन. साप कोन पाहान?"

तिनं सापाचं तूर्त बाजूला ठेवलं. आधी शिकून घेते, म्हणाली. लेकराला हगवण लागली तर मीठसाखरेचं पाणी कसं करायचं, हा व्हिडीओ तिनं थेट पाण्यात पडणाऱ्या साखरेपासून सुरू केला. नमस्कार नाही, नाव नाही. "थांब माय, एवढी साखर नको टाकू," हे पहिलं वाक्य. दोन मिनिटांचं बोलणं तिनं चाळीस सेकंदांवर आणलं. आणलं म्हणजे एकेक वाक्य उचलून बघितलं, हे काढलं तर कोणाचं लेकरू मरेल का? नाही मरत? मग काढ.

फोनाकडे बघून बोलताना तिचा आवाज कागदासारखा व्हायचा. मग तिनं भोजराजला सांगितलं, "फोन गालाजवळ धरा. मी तुमच्यासंगं बोलते." तो उभा राहिला. ती त्याच्या डोळ्यांत बघून बोलू लागली, आणि भोजराजला एकदम चमत्कारिक वाटलं. लग्नाला सतरा वर्षं झाली होती. बाजार, खत, आईचं औषध, यापलीकडे इतकं लक्ष लावून ती त्याच्याशी बोलल्याचं त्याला आठवेना. आपण ऐकतोय की नाही हे ती त्याच्या चेहऱ्यावर शोधत होती. तो जरा बाजूला बघू लागला की ती थांबायची. "कंटाळले ना तुमी? अथीच कंटाळले. मनजे हे वाक्य जास्त झालं."

आठवड्यात तीन व्हिडीओ, संध्याकाळी सात वाजता. बाया रांधून मोकळ्या होतात ती वेळ. ताप असो, पाहुणे असोत, सात चुकले नाहीत. खाली कोणी काही विचारलं तर ती स्वतः उत्तर लिहायची, नाहीतर त्या प्रश्नाचाच पुढचा व्हिडीओ करायची. बोली मात्र तिनं बदलली नाही. "शहरातले हसतीन," भोजराज म्हणाला होता. ती म्हणाली, "हसतीन तं थांबतीन."

आणि लोक थांबू लागले. साखरेचा व्हिडीओ नऊ हजारांनी पाहिला. तिकडं भंडाऱ्याच्या, बालाघाटच्या बाया विचारू लागल्या.

टोल्यात मात्र वेगळं चाललं होतं. चहाच्या टपरीवर भोजराज गेला की कोणीतरी म्हणायचं, "या, शूटिंगवाले आले." एकानं विचारलं, "बायको नाचते कवा?" भोजराजनं चहा अर्धा ठेवला. घरी येऊन त्यानं फोन खाटेवर टाकला. "मी नाही धरत उद्यापासून. इज्जत जाऊन राहिली माही."

अंजना सुपात तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं नाही. "नका धरू," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी साडेसहाला तो बांधीतून आला तेव्हा तिनं खाटेच्या माच्याला दोरीनं फोन बांधला होता, समोर कोणीच नव्हतं, आणि ती त्या खाटेला ताप कसा मोजायचा ते समजावून सांगत होती. तिसऱ्यांदा अडखळली. भोजराजनं पाय धुतले, दोरी सोडली, आणि फोन गालाजवळ धरला.

दिवाळीच्या आधी धान पिवळं पडलं. कापणीत साप निघतात, म्हणून आता तो व्हिडीओ करायचा असं अंजनानं ठरवलं. मुन्नालालकडे ती फोनचा चार्जर घ्यायला गेली तेव्हा त्यानं आपणहून सल्ला दिला.

"भाभी, सब बढ़िया है, पर मसाला नहीं. उस बाबा को पकड़ो. 'इसी के दरवाजे पे औरत मरी', बस इतना बोलो और उसका फोटो लगाओ. लाख पार. लोग झगड़ा देखने के लिए रुकते हैं."

भोजराजला ते पटलं. त्याच्या मनात ते होतंच. पण अंजना म्हणाली, "लाख पार होतीन भाऊ, खरं हाय. पर बाबाच्या दारी जानारे लोक मंग माहं आयकतीन का? मले तेच लोक पायजेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती इतवारी बाबाकडे गेली. भोजराज सोबत होता. टोल्याच्या तोंडाशी, चिचगडच्या रस्त्याला लागून बाबाचं घर. म्हातारा अंगणात बसून बांबूच्या कामट्या तासत होता. अंग वाळलेलं, हात मात्र अजून पक्के. त्यानं वर पाहिलं नाही. दुर्गा गेल्यापासून तो कोणाशी फारसा बोलत नाही, असं लोक म्हणत.

अंजना खाली बसली. "बाबा, एक इचारू का? तुमचा मंतर हाय, तो अथी अंगणात बसूनच लागते का? का मानूस दवाखान्याच्या वाटेनं जाऊन राहिला, तरी लागते?"

कामटी तासणं थांबलं. म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांच्या कडा लाल होत्या. मग त्यानं पुन्हा चाकू घेतला आणि तासू लागला. चहा विचारला नाही. दोघं उठून आले.

"काऊन गेली तू? पान्यात गेलं सारं," भोजराज म्हणाला.

"इचारून तं झालं," अंजना म्हणाली.

सापाचा व्हिडीओ त्यांच्याच बांधीत निघाला. दुपारी कापणी थांबवून, धान कापून ओळीनं टाकलेल्या कडपांमध्ये. सुरुवात अशी की अंजनाचा हात कडप उचलायला खाली जातो आणि हवेतच थांबतो. "हात घालाच्या आधी काडीनं हालव. मी नाही हालवली, आन चावला. आता का करू?" मग भराभर: घाबरून पळायचं नाही, बसायचं. वेळ बघायची. दोरी बांधायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. पायाला काठी लावून सैल बांधायची, पाय हलू द्यायचा नाही. पायावर चालू द्यायचं नाही. मिळेल त्या गाडीनं दवाखाना.

एकोणीस वेळा काढला. ऊन डोक्यावर, भोजराजच्या मानेवर धानाची कुसं चिकटून खाज सुटलेली, उजवा दंड भरून आलेला. प्रत्येक वेळी तिला काहीतरी खटकायचं. एकदा वारा आला, एकदा 'दोरी' शब्दावर जोर कमी पडला. अठराव्या वेळी भोजराज म्हणाला, "झालं न आता, चांगला झाला." ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "एकदा अजून. हे आयकताना बाई भेलेली राहीन जी. भेलेल्या बाईले एकाच डावात समजलं पायजे."

एवढं करून तो व्हिडीओ तीनशे बारा जणांनी पाहिला. साखरेचा नऊ हजार आणि सापाचा तीनशे बारा. त्या संध्याकाळी अंजना ओसरीत खांबाला टेकून बसून राहिली. रेघ मात्र खाली पडली नव्हती. आलेले जवळजवळ सगळे शेवटपर्यंत थांबले होते. पण आलेच कमी. "उद्या कामाचा दिवस आन कोन सापाचं पाहान," सुशिलाबाई म्हणाली. अंजना उठून भांडी घासायला गेली.

पाच दिवसांनी उदारामच्या बांधीत कापणी होती. शेजारपणानं एकमेकांच्या कापणीला जायचं असतं, म्हणून भोजराज गेला होता. अंजना चिचगडला आशांच्या बैठकीला. उदारामची बायको शामकला आणि सून रीना कडपा गोळा करून भारे बांधत होत्या. जेवणं होऊन सगळे पुन्हा लागले होते.

शामकला ओरडली नाही. ती नुसती "अगं माय" म्हणून खाली बसली. तिच्या डाव्या पायाजवळच्या कडपाखालून करड्या रंगाचा जाड परड, पुस्तकात ज्याला घोणस म्हणतात तो, सावकाश सरकत पारीकडे गेला. पावलावर रक्ताचे दोन थेंब.

उदाराम विळा घेऊन सापामागं धावला. भोजराज शामकलाजवळ पोहोचला, खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि तिच्या पोटरीभोवती गुंडाळून पीळ देऊ लागला. हात आपोआप चालले होते. त्याच्या बापानं असंच बांधलं होतं, आजानंही.

"मामाजी, बांधू नका!"

रीनानं त्याचं मनगट धरलं. एकवीस वर्षांची पोर, टोल्यात येऊन वर्ष झालं नव्हतं, मोठ्यांसमोर मान वर करत नसे. तिनं दुपट्टा सोडवला. "आत्याबाई, हालू नका. बसूनच राहा. किती वाजले? मामाजी, टाइम पाहा." भोजराजनं फोन काढला. दोन वाजून दहा मिनिटं. रीनानं कुंपणातली एक कामटी ओढून काढली, पायाच्या बाजूला लावली आणि आपल्या ओढणीनं सैल बांधली. बोट आत घालून बघितलं, जातं की नाही. मग सासूच्या पायातलं जोडवं ओढू लागली. ते निघेना. पाय फुगू लागला होता.

"एकशे आठले फोन लावला, एक घंटा लागते मनतेत," कोणीतरी म्हणालं.

"गाडी काढा," रीना म्हणाली.

उदारामची मोटारसायकल पारीपर्यंत आणली. साप सोडून परत आलेल्या उदारामला घाईत किल्ली लागेना, म्हणून भोजराज पुढं बसला. मध्ये शामकला, मागून रीनानं तिला कवेत घट्ट धरलेलं. उदाराम मागून ओरडला, "बाबाकडं दाखवून जाजो! आधी बाबाकडं!"

शामकलाही तेच म्हणत होती. "मले बाबाकडं ने, भोजराज. मी मरते आता. बाबाकडं ने." तिचा श्वास त्याच्या मानेवर लागत होता. टोल्याचं तोंड आलं आणि भोजराजचा हात ब्रेकवर गेला. मरणाऱ्या बाईचा शब्द कसा मोडायचा?

इतवारी बाबा रस्त्याच्या मधोमध उभा होता. बातमी गाडीच्या आधी पोहोचली होती. गाडी थांबली. म्हातारा जवळ आला, वाकून पाय पाहिला, ओढणीची गाठ पाहिली. मग शामकलाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "मी अथूनच मंतर म्हनतो. तू वाटेनं जात राह्य, तुले पोचते. दवाखान्यात पोचेपर्यंत मी म्हनत राहीन." आणि भोजराजकडे वळून एकदम ओरडला, "थांबला काऊन? चाल! मोरं चाल!"

भोजराजनं गाडी सोडली. आरशात त्याला दिसलं, म्हातारा रस्त्यातच उभा होता, दोन्ही हात वर, ओठ हलत होते. शामकलाचं रडणं थांबलं होतं. नऊ किलोमीटर ती शांत बसली.

दवाखान्यात बाईला खाटेवर घेतलं. डॉक्टरांनी विचारलं, "किती वाजता चावला?" रीना म्हणाली, "दोन वाजून दहा मिनटं. जाड होता, अंगावर साखळीवानी गोल." नर्स पायाची ओढणी सोडताना म्हणाली, "बरं केलं, आवळलं नाही." भोजराज भिंतीशी उभा होता. खांद्यावरचा दुपट्टा त्याला जड वाटू लागला.

अंजना बैठकीतून धावतच आली. रात्री शामकलाला पुढं गोंदियाला हलवलं. सहा दिवस गेले. लघवीतलं रक्त थांबलं, सूज उतरू लागली, आणि सातव्या दिवशी ती घरी आली.

त्या दिवशी भोजराजनं अंजनाला सांगितलं. सांगायला त्याला इतके दिवस लागले होते. "मी बांधूनच राहिलो होतो. एकोणीस डाव फोन म्या धरला. आन मीच बांधून राहिलो होतो. त्या पोरीनं एकदाच पायलन, तिले सारं याद."

त्याला वाटलं, आता अंजना रागावेल. ती म्हणाली, "तुमी हात हालू नये मनून पाहत होते जी. तुमचं काम ते होतं. रीना आयकाले मोकळी होती."

मग ती एकदम उठली. "पर ते जोडवं!"

"कोनतं जोडवं?"

"म्या जोडवं सांगतलंच नाही. रीनाले आपल्या मनानं सुचलं, पर तवापर्यंत पाय फुगला. दवाखान्यात कापून काढा लागलं. चावल्या चावल्या काढाले पायजे, जोडवं, पैंजण, बांगड्या. पयलं तेच." ती चपला शोधत होती. "चला. फोन घ्या."

"आता? लोक तुले शाबासकी द्याले येऊन राहिले न आज?"

"येऊ द्या. उदारामच्या घरीच येतीन."

उदारामच्या अंगणात शामकला खाटेवर बसली होती, डावा पाय उशीवर. पाऊल अजून काळंनिळं, कातडी सोलवटलेली, बोटात जोडवं नव्हतं, त्याजागी पांढरा वण. अंजनानं विचारलं, "शामकलाबाई, पाय दाखवू देता का लोकाईले? तुमची मर्जी." शामकलानं नवऱ्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. मग स्वतःच लुगडं घोट्यापर्यंत वर सरकवलं.

भोजराजनं फोन गालाजवळ धरला. अंजनानं ठरवलेलं पहिलं वाक्य तिला सांगितलं होतं, पण शामकला ते विसरली. ती भोजराजच्या तोंडाकडे बघून, बांधीतल्या शेजाऱ्याशी बोलावं तसं बोलू लागली.

"हा पाय पाह्य बापा. हे पाह्य, अथी जोडवं होतं. माही सून सोडून कोनालेच समजलं नाही ते काढा लागते मनून..."

ती बोलत गेली. चाळीस सेकंद झाले, साठ झाले. गाडीवर काय वाटलं, बाबा काय म्हणाला, पोरीनं कसं कवेत धरलं. भोजराजनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून अंजनाकडे पाहिलं. ती नेहमी इथं हात वर करून थांबवायची. आज ती खाटेच्या पायाशी बसली होती, हनुवटी गुडघ्यावर ठेवून, आणि ऐकत होती. भोजराजनं पाय रुंद केले, श्वास आत ओढून धरला, आणि फोन तिळभरही हलू दिला नाही.